बळी कुणाचा, लाभ कुणाचा

पिंपरीची औद्योगिक ओळख सुरू झाली ती इंजेक्शनच्या कुपीपासून. मोटारी नंतर आल्या. १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी इथे स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी पेनिसिलिन तयार होऊ लागले. त्याच्या दहा वर्षे आधी, १९४४ मध्ये, आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असलेल्या कस्तुरबांसाठी हे औषध विमानाने मागवावे लागले होते. (ते त्यांना टोचले गेले नाही, तो इतिहास वेगळा.) पिंपरीच्या कारखान्यामुळे ते साध्या दवाखान्यात मिळू लागले. न्यूमोनिया, घटसर्प, चिघळलेल्या जखमा यांतून त्याने किती माणसे वाचवली याची मोजदाद करणे अवघड आहे. पण याच औषधाने काही माणसे मेलीही. ज्याच्या शरीराला पेनिसिलिनचे तीव्र वावडे असते, त्याचा रक्तदाब टोचल्यावर काही मिनिटांत कोसळतो, श्वासनलिका आवळते आणि वेळेत उपचार मिळाले नाहीत तर तो दगावतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत १९६८ साली आलेल्या एका पाहणीने अशा मृत्यूंचे प्रमाण उपचार घेणाऱ्या एक लाख लोकांमागे दीड ते दोन असे काढले होते. म्हणजे पेनिसिलिन वापरायचे ठरवताना जगाने असंख्यांसाठी मोजक्यांचे मरण पत्करले. ते योग्य होते का? माझे उत्तर होय असे आहे. मात्र पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात आज ‘थोड्यांचे नुकसान, पुष्कळांचे भले’ या नावाखाली जे चालते, त्यातला बराच भाग या कसोटीला उतरत नाही, असेही माझे म्हणणे आहे. दोन्हींतला फरक किती मेले आणि किती वाचले एवढ्यावरून कळत नाही.

तत्त्वज्ञांनी हा प्रश्न ट्रामच्या गोष्टीतून मांडला. १९६७ मध्ये फिलिपा फूट यांनी ती प्रथम लिहिली: ताबा सुटलेली ट्राम पाच जणांच्या अंगावर चालली आहे, चालक ती दुसऱ्या रुळावर वळवू शकतो, पण तिथे एक माणूस आहे. वळवावी, असे बहुतेक लोक सांगतात. मग ज्युडिथ जार्व्हिस थॉमसन यांनी गोष्टीत पूल आणला. पुलावर उभ्या असलेल्या लठ्ठ माणसाला खाली ढकलले तर त्याच्या देहाने ट्राम अडेल आणि पाच जण वाचतील. आकडे तेच, तरीही आता बहुतेक लोक नकार देतात. २००१ मध्ये जोशुआ ग्रीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे पेच सोडवणाऱ्यांच्या मेंदूची छायाचित्रे घेतली. ढकलण्याच्या प्रसंगी भावनांशी संबंधित भाग जास्त जागे झालेले दिसले. त्यावरून काहींनी असा अर्थ काढला की पुलावरचा नकार ही भावनेची चूक आहे. थंड डोक्याने पाहिले तर एकापेक्षा पाच मोठे. हा अर्थ मला उतावळा वाटतो. पुलावरचा माणूस त्या संकटात नव्हताच. दुसऱ्यांच्या सोयीसाठी त्याला त्यात ओढले जाते. हे मेंदूच्या कोणत्या कोपऱ्याने ओळखले यावरून ते खोटे ठरत नाही. शिवाय ट्रामच्या गोष्टीत निर्णय एका क्षणाचा असतो आणि मरणारा समोर दिसतो. उद्योगातला निर्णय मात्र पाच-सात वर्षे आधी, संगणकावर आराखडा काढताना किंवा खरेदीच्या बैठकीत होतो. कोण मरणार हे तेव्हा कुणालाच ठाऊक नसते. किती मरतील याचा अंदाज मात्र असतो.

पेनिसिलिनकडे पाहिले तर त्याची बाजू तीन कारणांनी भक्कम होती. ज्याच्या जिवाला धोका, त्याच्याच जिवाला लाभ. इंजेक्शन घेणारा स्वतः आजारी असतो आणि औषध त्याच्यासाठीच असते. दुसरे, दुर्दैवाची चिठ्ठी कुणाच्या नावाने निघेल हे आधी ठरलेले नसते. कारखान्याच्या मालकाला आणि झाडूवाल्याला शक्यता सारखीच. तिसरे कारण महत्त्वाचे असून अनेकदा विसरले जाते. ते एक-दोन मृत्यू ‘चालायचेच’ म्हणून सोडून दिले गेले नाहीत. आधी टेस्ट डोस, जवळ ॲड्रेनॅलिनची सुई, ॲलर्जीची नोंद, अशी बचावाची साखळी तयार झाली. याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. संधिवाती तापाने हृदयाच्या झडपा निकामी होऊ नयेत म्हणून मुलांना दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिन टोचावे लागते. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात १,७९० रुग्णांना दिलेल्या ३२,४३० इंजेक्शनांत चौघांना तीव्र प्रतिक्रिया आली आणि एक मृत्यू झाला. त्या एका मृत्यूच्या धास्तीने इंजेक्शनच बंद करणारा डॉक्टर आपले हात स्वच्छ राहिले असे मानू शकतो. पण झडप निकामी होऊन पुढे मरणारी मुले त्याच्या हिशेबात येत नाहीत. तेव्हा ‘माणसांची मोजणी करणेच अनैतिक’ हा आक्षेप मला मान्य नाही. मोजले नाही तर मृत्यू थांबत नाहीत, फक्त दिसेनासे होतात.

मोटारीतली एअरबॅग ही याच प्रश्नाची पुढची पायरी. धडक होताच सेन्सर इशारा देतो, रसायनातून वायू सुटतो आणि पापणी लवायच्या आत पिशवी फुगते. माणूस स्टिअरिंगवर आदळण्याआधी ती फुगायला हवी, म्हणून तिचा फुगण्याचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्या घरात जाऊ शकतो. अमेरिकेत हे तंत्र सक्तीचे होत होते तेव्हा, १९८४ च्या सुमारास, तिथे जेमतेम १४ टक्के लोक सीटबेल्ट लावत. म्हणून नियम असा झाला की बेल्ट न लावलेल्या सरासरी पुरुषालाही एअरबॅगने वाचवले पाहिजे. चाचणीतला पुतळा सुमारे १७५ सेंटिमीटर उंच आणि ७८ किलो वजनाचा. असा मोकळा देह अडवायचा तर पिशवी जोरकस हवी. तो जोर पुढच्या सीटवर बसलेल्या लहान मुलांच्या मानेला आणि स्टिअरिंगजवळ सरकून बसणाऱ्या ठेंगण्या स्त्रियांना झेपला नाही. एरवी खरचटण्यावर निभावली असती अशा कमी वेगाच्या धडकांत १९९० ते २००८ या काळात एअरबॅग फुगल्यामुळे २९० हून अधिक माणसे मेली, असा तिथल्या वाहतूक सुरक्षा यंत्रणेचा अंदाज आहे. त्याच यंत्रणेच्या हिशेबाने पुढच्या एअरबॅगांनी २०१७ पर्यंत ५० हजारांहून अधिक जीव वाचवले. गुणोत्तर इतके एकतर्फी की वाद संपायला हवा. पण तो संपत नाही, कारण इथे चिठ्ठी सर्वांच्या नावाची नव्हती. बेल्ट न लावणाऱ्या प्रौढांना वाचवण्याची किंमत मुले आणि ठेंगण्या बायका मोजत होत्या, आणि पुतळा निवडला त्या दिवशीच हे ठरून गेले होते.

पुढे काय झाले ते जास्त शिकवणारे आहे. पालक आणि डॉक्टरांचा आवाज वाढला, तेव्हा १९९७ मध्ये नियम सैल करून कमी जोराच्या एअरबॅगांना परवानगी मिळाली. नंतर लहान चणीच्या स्त्रीचे आणि वेगवेगळ्या वयांच्या मुलांचे पुतळे चाचणीत आले, सीटवरचे वजन ओळखणारे सेन्सर बसले. त्या २९० मृत्यूंपैकी जवळजवळ ९० टक्के १९९८ पूर्वीच्या मोटारींतले होते. याचा अर्थ सरळ आहे: ‘पन्नास हजारांसाठी तीनशे’ हा सौदा अटळ नव्हताच. बहुतेकांना टाळता येण्याजोगे मरण आले होते. मोजक्यांचा बळी अपरिहार्य आहे असे कुणी सांगितले, तर अपरिहार्यता निसर्गाची आहे की आराखड्याची, हे आधी तपासावे. भारतात चालकासाठी एअरबॅग जुलै २०१९ पासून आणि शेजारच्या सीटसाठी २०२१ मध्ये टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली, म्हणजे सुधारलेले तंत्र आपल्याला आयते मिळाले. पुढच्या सीटवर मांडीत मूल घेऊन बसण्याची सवय मात्र आपलीच आहे, आणि तिच्यापुढे कोणताही सेन्सर हतबल आहे.

आता मोटारीच्या बाहेर येऊ. एक हजार किलोची छोटी मोटार आणि दोन हजार किलोची एसयूव्ही ताशी ५० किलोमीटरने समोरासमोर धडकून एकमेकींत अडकल्या, तर संवेगाच्या नियमाप्रमाणे छोट्या मोटारीच्या वेगात क्षणार्धात सुमारे ६७ किलोमीटरचा फरक पडतो आणि मोठीच्या वेगात ३३ चा. शरीराला बसणारा मार या फरकाशी बांधलेला आहे. जड मोटार घेणारा सुरक्षित होतो, पण धोका नाहीसा होत नाही. तो समोरच्याकडे सरकतो. मायकल अँडरसन आणि मॅक्सिमिलियन ऑफहॅमर या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या अपघातांवरून काढलेला निष्कर्ष असा की धडक देणारे वाहन हजार पौंडांनी, म्हणजे साधारण साडेचारशे किलोंनी, जड असेल तर समोरच्या वाहनात मृत्यू होण्याची शक्यता ४७ टक्क्यांनी वाढते. समोर मोटारीऐवजी दुचाकी किंवा पायी माणूस असेल तर तुलनाच संपते. भारतात २०२२ मध्ये रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली, त्यांतली ४४.५ टक्के दुचाकीवर होती आणि १९.५ टक्के पायी चालणारी. चाकणच्या तळेगाव चौकात किंवा आंबेठाण चौकात शिफ्ट सुटताना उभे राहिले की ही टक्केवारी डोळ्यांसमोर येते: कंटेनर, कंपनीच्या बस, नव्या कोऱ्या मोटारी वाहून नेणारे ट्रेलर आणि त्यांच्या फटींतून वाट काढणारे, त्याच मोटारी बनवणारे दुचाकीस्वार कामगार.

ऑक्टोबर २०२३ पासून आपल्याकडे ‘भारत एनकॅप’ ही मोटारींना सुरक्षिततेचे तारे देणारी पद्धत सुरू झाली. तिच्या चाचण्या करणाऱ्या संस्थांत पुण्याची एआरएआय आहे. ताशी ६४ किलोमीटरने मोटार अडथळ्यावर आदळवतात, बाजूने धडक देतात आणि आतल्या पुतळ्यांना किती मार लागला ते मोजतात. पद्धत उत्तम आहे, आणि तिने ग्राहकाला सुरक्षितता मागायला शिकवले. पण सुरू झालेल्या या पद्धतीत तारे दोनच गोष्टींचे: मोटारीतले प्रौढ आणि मोटारीतली मुले. मोटारीच्या बॉनेटवर ज्याचे डोके आपटणार त्याच्यासाठी एक किमान मानक पाळले आहे की नाही एवढे पाहतात. त्याचा वेगळा तारा नाही. वास्तविक इथे विज्ञान स्पष्ट आहे. अमेरिकेतल्या एका अभ्यासानुसार पायी माणसाला ताशी ३७ किलोमीटरने धडक बसली तर मृत्यूची शक्यता सरासरी १० टक्के असते. ६८ ला ती ५० टक्के होते. बॉनेटची उंची, त्याखालची मोकळी जागा, बंपरचा आकार, आपोआप लागणारे ब्रेक, यांनी पायी माणूस वाचू शकतो. मोटारीतल्याचा जीव विकला जातो, बाहेरच्याचा नाही, म्हणून आराखड्यात एकाला भाव आहे आणि दुसऱ्याला नाही.

चालकाविना चालणाऱ्या मोटारींच्या चर्चेने हा दुटप्पीपणा प्रयोगाने उघड केला. बोनफॉन, शरीफ आणि रहवान यांनी २०१६ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात छापलेल्या पाहणीत बहुसंख्य लोकांनी सांगितले की दहा पादचारी वाचवण्यासाठी मोटारीने आतल्या एकाचा बळी द्यावा हेच नैतिक. स्वतःसाठी कोणती मोटार घ्याल असे विचारल्यावर मात्र आतल्याला वाचवणारी हवी, असे उत्तर आले. त्याच वर्षी मर्सिडीझच्या एका अधिकाऱ्याने आतला माणूस आधी वाचवू अशा अर्थाचे विधान केले. गदारोळ झाल्यावर, जिवांचे मोल ठरवण्याचा अधिकार ना प्रोग्रॅमरला आहे ना यंत्राला, असा खुलासा कंपनीला करावा लागला. चाकणमध्ये कारखाने असलेल्या दोन मोठ्या कंपन्या ज्या देशातल्या, त्या जर्मनीने नेमलेल्या नीतिविषयक आयोगाने २०१७ मध्ये या बाबतीत वीस नियम दिले. वय, लिंग, शरीर यांवरून माणसांत भेद करायचा नाही; बळींची एकमेकांशी वजाबाकी करायची नाही; जखमींची एकूण संख्या कमी व्हावी असा सर्वसाधारण प्रोग्रॅम मात्र चालेल. त्यापुढचे कलम मला सर्वांत मोलाचे वाटते: ज्यांनी वाहतुकीचा धोका निर्माण केला, त्यांनी त्यात सहभागी नसलेल्यांचा बळी देऊ नये. पुलावरचा लठ्ठ माणूस इथे कायद्याच्या भाषेत भेटतो. हे कलम गंभीरपणे घेतले तर दोन टनांची मोटार शाळेसमोरून वेगात नेण्याचे समर्थन उरत नाही, तिला कितीही तारे मिळालेले असोत.

कारखान्याच्या दारातून आत गेले की हीच कसोटी आणखी कडक लावावी लागते. मोटारीचे अनेक सुटे भाग पत्र्यापासून बनतात आणि त्यांतले पुष्कळ भोसरी, तळवडे, चाकण इथल्या छोट्या वर्कशॉपमध्ये, वेंडरकडे, पॉवर प्रेसवर पाडले जातात. पत्रा डायवर ठेवायचा, पेडल दाबायचे, वरचा भाग खाली येतो, भाग कापला किंवा वाकवला जातो. हात काढायला क्षणाचा उशीर झाला की बोटे जातात. सेन्सरचा उपाय जुना आहे. प्रकाशकिरणांचा पडदा हाताने तुटला की प्रेस थांबतो. पण जुन्या यांत्रिक क्लचचा प्रेस एकदा सुटला की स्ट्रोक पुरा केल्याशिवाय थांबतच नाही, त्यामुळे त्याला नुसता सेन्सर लावून उपयोग नसतो. तिथे जाळीचे आवरण, दोन्ही हातांनी एकाच वेळी दाबायची बटणे किंवा नवा क्लच लागतो. धोकादायक हलत्या भागांना आवरण घालण्याची सक्ती १९४८ च्या कारखाने अधिनियमातच होती. म्हणजे ज्ञान आहे, तंत्र आहे, कायदाही होता. कमी पडतो तो दर नगामागचा पैसा, जो खरेदी विभाग वेंडरकडून आणि वेंडर हेल्परकडून पिळून काढतो. ‘सेफ इन इंडिया’ ही संस्था २०१९ पासून वाहन उद्योगातल्या जखमी कामगारांचे अहवाल काढते. त्यांत ठेक्यावरचे, परगावचे, तरुण कामगार पुन्हा पुन्हा दिसतात. पेनिसिलिनच्या चिठ्ठीत सगळ्यांची नावे होती. प्रेसच्या चिठ्ठीत फक्त हेल्परचे नाव असते.

यावर उत्तर ठरलेले असते: कामगार पगार घेतो, धोका त्याला माहीत असतो, कुणी जबरदस्ती केलेली नाही. संमतीला किंमत आहे हे मी मानतो. रुग्णानेही संमतीच दिलेली असते. पण संमतीसाठी दोन गोष्टी लागतात, धोक्याची खरी माहिती आणि नाही म्हणण्याची ऐपत. डिसेंबर २०२३ मध्ये तळवड्यात केकवर लावायच्या ठिणग्या उडवणाऱ्या मेणबत्त्या बनवणाऱ्या कारखान्यात आग लागून महिला कामगार होरपळून मेल्या. वाढदिवसाची ती ठिणगी आपल्या जिवावर बेतेल हे त्यांना कुणी समजावले असेल आणि तरीही त्यांनी मोकळ्या मनाने होकार दिला असेल, असे मानायला फार भाबडेपणा लागतो.

दुसरा आक्षेप विकासाचा, आणि तो अधिक वजनदार आहे. कुणाचेच नुकसान करायचे नाही म्हटले तर ना धरण होईल, ना एमआयडीसी. मुळशीच्या शेतकऱ्यांनी १९२१ मध्ये टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, सेनापती बापट त्यात होते. जमिनी मावळ्यांच्या बुडाल्या आणि वीज मुंबईला गेली. ९ ऑगस्ट २०११ रोजी पवना धरणातून पिंपरी-चिंचवडला बंद नळाने पाणी नेण्याच्या योजनेविरुद्ध मावळातले शेतकरी द्रुतगती मार्गावर बऊरजवळ उतरले आणि पोलिसांच्या गोळीबारात तिघे मेले. शहराला पाणी हवे, हे खोटे नाही. लाखो लोकांची तहान हा क्षुल्लक लाभ नव्हे. पण त्याग करणारा लाभाच्या वाटणीत नसेल आणि निर्णयाच्या बैठकीतही नसेल, तर त्याला त्याग म्हणणे ही भाषेची चलाखी आहे. ती वसुली आहे. विकास थांबवा असे यातून निघत नाही. ज्याची जमीन, पाणी किंवा बोट जाते त्याला आधी विचारा, त्याला लाभात कायमचा वाटा द्या आणि नुकसान कमी करणारा पर्याय महाग असला तरी आधी तपासा, एवढे निघते.

तिसरा आक्षेप पैशाचा. सहा एअरबॅग सक्तीच्या करण्याचा मसुदा सरकारने २०२२ मध्ये काढला आणि पुढे तो सोडून दिला. सुरक्षितता महाग झाली तर मोटार न परवडणारा माणूस दुचाकीवरच राहील आणि तिथे जास्त मरतील, हा त्या वेळचा युक्तिवाद तर्काला धरून होता. पैसा अपुरा असतो, म्हणून हिशेब करावाच लागतो. फोर्ड कंपनीच्या १९७३ च्या एका टिपणाने या हिशेबाला कुप्रसिद्ध केले: इंधनगळती रोखायला मोटारीमागे ११ डॉलर, उलट जिवाची किंमत दोन लाख डॉलर, म्हणून सुधारणा परवडत नाही. ते टिपण पिंटो या मोटारीचे म्हणून सांगितले जाते. प्रत्यक्षात ते देशातल्या सर्व कंपन्यांच्या मोटारी उलटण्याबद्दल होते आणि जिवाची ती किंमत सरकारी यंत्रणेनेच काढलेली होती. हा तपशील कंपनीच्या बाजूने जातो, तरी मुद्दा बदलत नाही: ११ डॉलर वाचणार होते एकाचे आणि जळणार होता दुसरा. सहा एअरबॅगांचे पैसे वाचवायचे असतील तर ते जिथे दोन-तृतीयांश मृत्यू होतात तिथे, म्हणजे दुचाकीचे ब्रेक, हेल्मेट, पदपथ आणि चौकातल्या वेगावर, खर्च होताना दिसले पाहिजेत. तसे होत नसेल तर गरिबांच्या नावाने केलेला तो युक्तिवाद नुसता बचतीचा ठरतो.

करण्यासारख्या दोन गोष्टी अगदी जवळ आहेत. ताऱ्यांच्या पद्धतीत पायी माणसासाठी वेगळा तारा असावा आणि तो मोटारीच्या काचेवर तितक्याच ठळकपणे दिसावा. आणि सेबीने २०२२-२३ पासून पहिल्या एक हजार सूचीबद्ध कंपन्यांना कामगारांच्या अपघातांची जी माहिती देणे बंधनकारक केले आहे, तिच्यात पुरवठादारांच्या प्रेसवर गेलेली बोटेही सक्तीने मोजली जावीत. आज ती मोटारीच्या किमतीत आहेत, अहवालात नाहीत. नवी मोटार घ्यायला शोरूममध्ये जाल तेव्हा तारे किती हे विचाराच. सोबत आणखी दोन प्रश्न विचारा: ही बाहेरच्या माणसाला आदळली तर त्याचे काय होते, आणि हिचे पत्र्याचे भाग जिथे पडतात तिथल्या प्रेसला सेन्सर आहे का. विक्रेत्याला उत्तर माहीत नसेल. पण शंभर ग्राहकांनी विचारले तर त्याला ते कंपनीकडून मागवावे लागेल.